शिलेवरचे घराणे

उत्तर कोकणावर सुमारे साडेचारशे वर्षे राज्य करणाऱ्या शिलाहार घराण्याचे नाव आज भाईंदर स्थानकाबाहेरील गर्दीत कोणास विचारले, तर ते एखाद्या नव्या गृहसंकुलाचे असावे, असाच बहुतेकांचा समज होईल. या अज्ञानाबद्दल आम्ही कोणास दोष देत नाही. शाळेच्या पुस्तकात या घराण्याच्या वाट्याला फार तर दोन ओळी येतात. पण ज्या साष्टीत आपण राहतो, तिचे नाव ‘षट्षष्टि विषय’ असे भांडुप येथे सापडलेल्या शके ९४८ च्या, म्हणजे इ. स. १०२६ च्या ताम्रपटात कोरलेले आहे. ते कोरविणारा चित्तराज हा शिलाहारच. पोर्तुगीज गलबते या किनाऱ्याला लागण्यापूर्वी पावणेपाचशे वर्षे आपला मुलूख याच नावाने ओळखला जात होता, हे आपण ध्यानी घेत नाही. आपला इतिहास वसईच्या तहापासून, म्हणजे १५३४ पासून सुरू होतो, अशी एक समजूत आपल्या घरांतून नकळत रुजली आहे.

या घराण्याच्या अगदी आरंभीच्या खुणा आपल्या पूर्वेच्या डोंगरात आहेत. कान्हेरीच्या लेण्यांत पुल्लशक्ति नावाच्या शिलाहार राजाच्या काळातील, शके ७६५ चा लेख आहे. तेथील बौद्ध भिक्षूंसाठी दिलेल्या दानाची ती नोंद. राजा शिवभक्त, त्याचा सम्राट राष्ट्रकूट अमोघवर्ष जैनांचा चाहता आणि दान बौद्धांना! पुढे इ. स. ९१५ च्या सुमारास अल् मसूदी हा अरब प्रवासी चौलला उतरला, तेव्हा तेथे झंझ हा शिलाहार राज्य करीत होता व बंदरात हजारो मुसलमान व्यापारी सुखाने नांदत होते. अंबरनाथचे सुप्रसिद्ध शिवमंदिर याच घराण्याने उभारले. १०६० मध्ये मुम्मुणीच्या कारकिर्दीत ते पुरे झाले. राजधानी श्रीस्थानक, म्हणजे आपले ठाणे.

राजांची नामावळी येथे देऊन वाचकांस कंटाळा आणण्याचा आमचा विचार नाही. आम्हांस आकर्षण वाटते ते या घराण्याने स्वतःची जी वंशकथा सांगितली तिचे. मध्ययुगातील प्रत्येक राजघराण्याला एक थोर मूळपुरुष लागे. कोणी सूर्याला गाठी, कोणी चंद्राला. शिलाहारांनी मात्र आपला मूळपुरुष म्हणून जीमूतवाहन निवडला. हा विद्याधरांचा राजपुत्र. नागांनी गरुडाशी करार केला होता, की त्याने सर्वांचा संहार करू नये. रोज एक नाग आपण होऊन त्याच्या भक्ष्यासाठी वधशिलेवर येईल. एके दिवशी शंखचूडाची पाळी आली. त्याची म्हातारी आई शिलेजवळ आक्रोश करीत होती. जीमूतवाहनाने तो ऐकला, शंखचूडाला बाजूला केले आणि त्याच्या जागी स्वतः शिलेवर जाऊन पडला. गरुडाने त्याचे मांस तोडण्यास आरंभ केला, तरी तो मुकाट्याने पडून राहिला. शिलेवर जो आहार झाला तो शिला-आहार, आणि त्याचे वंशज ते शिलाहार, अशी ही व्युत्पत्ती. भाषाशास्त्राच्या कसोटीस ती उतरो वा न उतरो. ताम्रपटांमागून ताम्रपटांत हे घराणे जीमूतवाहनाचे नाव सांगत राहिले. दुसऱ्याच्या मुलाऐवजी आपला प्राण देणारा पुरुष ज्या कुळाला मूळपुरुष म्हणून हवासा वाटला, त्याच्या आवडीविषयी आम्हांस आदर वाटतो. आम्ही रोज वेदीसमोर उभे राहणारे. ही कथा वाचताना आमचे मन कोठे जात असेल, हे वाचकांस सांगणे नको.

अर्थात मूळपुरुष थोर निवडला म्हणून वंशज थोर निपजतात असे नाही. बाराव्या शतकात या घराण्यात मल्लिकार्जुन नावाचा राजा होऊन गेला. चिपळूण व वसई येथे त्याचे शिलालेख सापडले आहेत. त्याने ‘राजपितामह’, म्हणजे सर्व राजांचा आजोबा, अशी पदवी लावून घेतली होती. मेरुतुंगाच्या प्रबंधचिंतामणीत पुढची हकीकत आहे. गुजरातचा राजा कुमारपाल याच्या दरबारात एका भाटाने मल्लिकार्जुनाची स्तुती करताना ही पदवी उच्चारली आणि कुमारपालाचा राग अनावर झाला. त्याने अंबड नावाच्या आपल्या मंत्र्याला कोकणावर धाडले. पहिल्या स्वारीत अंबड हरला व परत येऊन शरमेने काळी वस्त्रे नेसून, काळे छत्र धरून काळ्या तंबूत राहिला. दुसऱ्या खेपेस त्याने नदीवर पूल बांधून सैन्य उतरविले आणि मल्लिकार्जुनाला ठार केले. कुमारपालाने प्रसन्न होऊन काय द्यावे? तीच ‘राजपितामह’ पदवी! एका पदवीसाठी दोन स्वाऱ्या, शेकडो माणसांचे रक्त आणि अखेर पदवी फक्त एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेली.

या वंशाचा शेवटचा राजा सोमेश्वर. उरणजवळ रानवड आणि चाणजे येथे त्याचे दोन शिलालेख मिळाले आहेत, एक १२५९ चा व दुसरा १२६० चा. चाणजे गावातील जमीन ठाण्याच्या उत्तरेश्वर महादेवास दिल्याची नोंद त्यातील दुसऱ्यात आहे. अशा शिळांवर दान मोडणाऱ्यास गाढवाची शापवाणी असते. तिचा अर्थ या त्रैमासिकात लिहिण्याजोगा नाही. पुढच्याच वर्षी, १२६१ मध्ये, देवगिरीच्या गादीवर महादेव यादव बसला आणि त्याने कोकण घेण्याचे ठरविले. जमिनीवर यादवांच्या हत्तींपुढे सोमेश्वराचा निभाव लागला नाही. तो आरमारात चढला. समुद्र तर त्याच्या घरचा; शिलाहारांची सारी श्रीमंती बंदरांतून आलेली. पण १२६५ च्या सुमारास तेथेही त्याला गाठण्यात आले व तो आपल्या माणसांसह बुडाला. महादेवाचा मंत्री हेमाद्री याने राजाची प्रशस्ती लिहिताना त्यावर एक दरबारी चमत्कृती केली आहे: महादेवाच्या क्रोधाग्नीपेक्षा समुद्रातील वडवानल सोमेश्वराला शीतल वाटला! जिंकणाऱ्याच्या मंत्र्याला असे विनोद सुचतात. १२७२ च्या ठाणे येथील ताम्रपटात आपल्याला यादवांचा अधिकारी अच्युत नायक दान देताना दिसतो. सात वर्षांत कारभार असा बदलला, की जणू साडेचारशे वर्षे कोणी राज्य केलेच नव्हते.

त्याच शतकात, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, एका इंग्रज सरदाराचा वंशही असाच संपला. विल्यम मार्शल याचे चरित्र आम्ही प्रथम गोरेगावच्या सेमिनरीच्या ग्रंथालयात, धर्मसभेच्या इतिहासाचा अभ्यास करता करता वाटेत वाचले, आणि खरे सांगायचे तर नेमलेल्या पुस्तकापेक्षा अधिक आवडीने वाचले. हा ११४७ च्या सुमारास जन्मलेला, एका मध्यम दर्जाच्या उमरावाचा धाकटा मुलगा. जमिनीचा वारसा नाही. पाच वर्षांचा असताना ११५२ मध्ये बापाने त्याला स्टीफन राजाकडे ओलीस ठेवले आणि दिलेला शब्द मोडला. मुलाला फासावर देतो, असा राजाने निरोप पाठविला. बापाचे उत्तर असे, की याहून चांगले मुलगे घडविण्याचे हातोडा व ऐरण अजून आपल्यापाशी आहेत. सुदैवाने राजा बापाहून मऊ मनाचा निघाला. त्याने पोराला मारले तर नाहीच, उलट तंबूत बसून रानगवताच्या देठांचे सरदार करून तो त्याच्याशी लढाई-लढाई खेळला.

हाच मुलगा पुढे युरोपातला सर्वांत नावाजलेला नाइट झाला. स्पर्धांच्या मैदानावर त्याने पाचशे सरदारांना पाडून पकडले, असे तो स्वतः सांगे. ११८९ मध्ये इझाबेल द क्लेअर या धनाढ्य वारसदारणीशी त्याचे लग्न झाले, दहा वर्षांनी तो पेम्ब्रोकचा अर्ल झाला, जॉन राजा वारल्यावर नऊ वर्षांच्या तिसऱ्या हेन्रीचा पालक म्हणून त्याने इंग्लंडचा कारभार पाहिला, आणि सत्तरीच्या उंबरठ्यावर असताना १२१७ मध्ये लिंकनच्या लढाईत स्वतः घोड्यावर बसून तो शिरला. १२१९ मध्ये त्याचे देहावसान झाले. लंडनच्या टेम्पल चर्चमध्ये त्याच्या थडग्यावर पाषाणात कोरलेली आकृती आहे. १९४१ च्या बाँबहल्ल्यात तिला इजा झाली, तरी ती आजही तेथे आहे. त्याला पाच मुलगे झाले. पाचही एकामागून एक अर्ल झाले व पाचही औरस संततीवाचून वारले; शेवटचे दोघे तर १२४५ या एकाच वर्षी. पुरुषवंश खुंटला. जमिनी पाच मुलींच्या घरांत वाटल्या गेल्या आणि आज इंग्लंडातील अनेक मोठी घराणी आपले नाते मार्शलशी सांगतात ते या लेकींच्या द्वारे, वेगळ्याच आडनावांनी. त्याचे एकोणीस हजारांहून अधिक ओळींचे पद्यचरित्रही कित्येक शतके कोणाला ठाऊक नव्हते. १८६१ मध्ये लंडनच्या एका लिलावात पॉल मेयर या फ्रेंच पंडिताच्या नजरेस ते पडले, म्हणून आपल्याला हे सारे कळते.

इंग्रज बापाने स्वतःच्या मुलाविषयी जे उत्तर दिले आणि आपल्या जीमूतवाहनाने परक्या आईच्या मुलासाठी जे केले, ही दोन चित्रे शेजारी ठेवून आम्ही पुष्कळदा पाहतो. वंशाचा अभिमान दोघांच्याही घराण्यात होताच.

हा विषय आमच्या डोक्यात पुन्हा घोळू लागण्यास एक कारण घडले. आमच्या धर्मग्रामातील एक वयोवृद्ध गृहस्थ दुपारच्या वेळी भेटीस आले. घराणे जुने, भाईंदरच्या मिठागरांचे. त्यांच्या नातवाने उत्तनकडील एका कोळी कुटुंबातील मुलगी पसंत केली होती. मुलगी शिकलेली, नोकरी करणारी, चर्चच्या गायनवृंदात गाणारी. पहिली घोषणा वेदीवरून झाली होती. म्हाताऱ्याच्या हातात कापडात गुंडाळलेली एक चौकट होती. परदेशी असलेल्या पुतण्याने ती एका दुकानातून विकत घेऊन पाठविली होती. चौकटीत ढाल, शिरस्त्राण, पिसांचा तुरा आणि खाली त्यांचे आडनाव.

“फादर, आमच्या रक्तात फिदाल्गु आहे,” ते म्हणाले. “हे बघा चिन्ह. तुम्ही शिकलेले आहात. पोराला समजवा.”

आम्ही त्यांना चहा दिला. मग म्हणालो, “बाबा, फिदाल्गु या पोर्तुगीज शब्दाचा मूळ अर्थ ठाऊक आहे का? कोणाचा तरी मुलगा.”

ते हसले नाहीत.

ढालीवरची चिन्हे आडनावाला मिळत नसतात, हे आम्ही त्यांस समजावून सांगितले. ती एका पुरुषाला व त्याच्या वंशजांना मिळतात. इंग्लंडात तर १४८४ पासून त्यासाठी स्वतंत्र संस्था आहे. दुकानदार मात्र ज्याला जे आडनाव असेल त्याला ते चिन्ह विकतो. आणि आपली आडनावे तरी आली कोठून? बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपित्याचे, कधी बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्रीबाबांचे, कधी जमिनीच्या मालकाचे नाव आपल्या पूर्वजांना लागले. परेरा म्हणजे नासपतीचे झाड. भाईंदरच्या खाऱ्या जमिनीत नासपती उगवल्याचे कोणी ऐकले आहे काय? रॉड्रिग्ज म्हणजे रॉड्रिगोचा मुलगा. आपल्याकडच्या हजारो रॉड्रिग्जांपैकी किती जणांचा बाप रॉड्रिगो होता? त्याखालचा माणूस मात्र येथलाच. कोळी, भंडारी, कुणबी, आगरी, वाडवळ. त्याचे कूळ पोर्तुगालहून जुने नसेल कशावरून?

“म्हणजे आमचे काहीच नाही?” त्यांनी विचारले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. ऐंशी वर्षे सांभाळलेली गोष्ट हातून काढून घेतली जात आहे असे वाटल्यावर माणूस बोलतो तसे ते बोलले, आणि आम्हांस त्यांची कणव आली. आजूबाजूला मिठागरे जाऊन इमारती आल्या. ज्या गावात त्यांचा शब्द चाले तेथे आता त्यांना ओळखणारे थोडे. उरले ते आडनाव आणि ती चौकट. कुळाचा ताठा हा पुष्कळदा श्रीमंतीचा नसतो, काही गमावल्याचा असतो, हे आम्ही अनेक घरांत पाहिले आहे.

आम्ही कपाटातून जुनी वही काढली. धर्मगुरूंनी वंशावळी लिहिणारे व्हावे, हे ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्येच ठरवून ठेवले आहे. विवाहाची नोंद ठेवावी, बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता-धर्ममाता कोण होते ते लिहावे, असा तिचा आदेश. कारण धर्मपित्याचे नाते त्या काळी रक्ताच्या नात्यासारखे मानले जाई व त्यांच्यात विवाह निषिद्ध असे. राजांच्या वंशावळी भाटांनी रचल्या, त्यात पैसे घेऊन भर घातली. आमच्या वह्यांत मात्र मिठागरावरचा मजूर व मिठागराचा धनी एकाच शाईने, एकाच लांबीच्या ओळीत आहेत. वाळवी आणि पाऊस यांनी त्यांतले पुष्कळ खाल्ले, हीच काय ती विषमता.

पोर्तुगीज भाषेतील ती नोंद शोधण्यास तासभर लागला. त्यांच्या पणजोबांचा बाप्तिस्मा. वडिलांचे नाव, आईचे नाव, गाव. आणि धर्मपिता: उत्तनचा एक तांडेल. आम्ही ओळीवर बोट ठेवून ती मराठीत वाचली. म्हाताऱ्याने चष्मा पुसला व पुन्हा वाचावयास सांगितले. ज्या काळी धर्मपिता निवडणे म्हणजे नाते जोडणे होते, त्या काळी या घराने कोळीवाड्याशी नाते जोडले होते.

“मैत्री असेल,” ते म्हणाले. “लग्न वेगळे.” चौकट पुन्हा कापडात गुंडाळून ते निघून गेले. पुढच्या रविवारी दुसरी घोषणा झाली. त्या दिवशी ते मिस्साला आले नाहीत.

त्यानंतर आठवड्याने आम्हांस बोरिवलीस काम होते. जाताना वाटेत त्यांच्या घरी थांबलो व, येता का, म्हणून विचारले. येथे एक्सर गाव आहे. तेथील वीरगळ वाचकांपैकी काहींनी पाहिले असतील. युद्धात पडलेल्या वीरांच्या स्मरणार्थ उभ्या केलेल्या काळ्या दगडाच्या या भव्य शिळा. त्यांतील मोठ्या दहा फुटांच्या घरात जातात. खालच्या पट्टीत लढाई, मधल्या पट्टीत वीराला स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा, वरच्या पट्टीत शिवलिंगाची पूजा करणारा वीर. काही शिळांवर हत्ती आहेत आणि काहींवर, महाराष्ट्रात इतरत्र क्वचितच दिसणारी, समुद्रावरची लढाई: उंच नाळेच्या नावा, ओळीने वल्ही, पाण्यात कोसळणारी माणसे. सोमेश्वर व महादेव यांच्या युद्धाशी काही अभ्यासक या शिळांचा संबंध जोडतात, काहींना त्या त्याहून जुन्या वाटतात. विल्यम मार्शलच्या थडग्यावर तो कोण हे जगाला ठाऊक आहे. येथे ज्यांच्यासाठी एवढा दगड घडविला, त्यांचे नाव कोणालाच ठाऊक नाही. गावकरी मात्र त्यांना शेंदूर लावतात, फूल वाहतात.

म्हातारा काठीवर भार देऊन बराच वेळ नावांच्या पट्टीसमोर उभा होता. आम्ही त्यास जीमूतवाहनाची कथा सांगितली, सोमेश्वराची सांगितली. त्याने ऐकले की नाही कोण जाणे. तो बोटाने वल्ही मोजीत होता. तरुणपणी मिठाच्या होड्यांवर गेलेला माणूस. त्याची नजर राजावर कशी जाणार?

“फादर,” तो म्हणाला, “ढाल-तलवारवाले वर उभे आहेत. ही वल्ही कोणाच्या हातात असतील?”

आम्ही काही बोललो नाही.

“आपल्याच लोकांच्या,” तोच म्हणाला. “कोळ्यांच्या. दुसऱ्या कोणाला ही खाडी कळणार?” जरा थांबून त्याने विचारले, “राजा बुडाला म्हणता. मग हे पोहून आले असतील ना?”

परतताना रिक्षात लग्नाचा विषय निघाला नाही. मिठागरांच्या जुन्या बांधांवर कोणत्या इमारती उभ्या आहेत, ते तो बोटाने दाखवीत होता. दहिसरच्या नाक्यावर वाहने खोळंबली, तेव्हा त्याने खिशातून रुमाल काढून तोंड पुसले आणि तिसरी घोषणा सकाळच्या मिस्साला आहे की संध्याकाळच्या, एवढेच विचारले.